सुट्टीतल्या फोटोंसाठी कोणता डिजिटल कॅमेरा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आणि मे महिना जवळ आला की हे प्रश्न येऊ लागतात. त्यातले बरेचसे तेच ते असतात, म्हणून एकदाच सविस्तर उत्तरं लिहून ठेवली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझा मोबाइल चांगला फोटो काढतो. वेगळा कॅमेरा घ्यायलाच हवा का?

नाही. गेल्या दोन-तीन वर्षांतला बरा मोबाइल असेल आणि फोटो बहुतेक दिवसाउजेडी, माणसं जवळ उभी करून काढत असाल, तर मोबाइल पुरेसा आहे. दहा-पंधरा हजारांचा छोटा कॅमेरा नुसता 'कॅमेरा हवा' म्हणून घेतलात तर फोटो मोबाइलपेक्षा वाईट येतील. ते का, हे प्रश्न ३ मध्ये आहे.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग चार ठिकाणी होतो: लांबचं जवळ आणायचं असेल, पळणारी मुलं टिपायची असतील, संध्याकाळनंतरचे फोटो हवे असतील, आणि मोबाइल नेताच येत नसेल तिथे (प्रश्न १२). शिवाय प्रवासात मोबाइलवर नकाशा, तिकिटं, यूपीआय, घरच्यांचे फोन असं सगळं चालू असतं. दुपारी तीनला बॅटरी दहा टक्क्यांवर आली की फोटो आपोआप थांबतात.

२. किती मेगापिक्सेलचा घेऊ? दुकानदार म्हणतो जितके जास्त तितकं चांगलं.

कागदावर हिशेब करा. उत्तम प्रिंटसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. नेहमीच्या ४ × ६ इंची प्रिंटला १२०० × १८०० ठिपके लागतात, म्हणजे २२ लाखांच्या आत. ८ × १२ इंचाला ८६ लाख. भिंतीवर लावायच्या १२ × १८ इंची फोटोला १ कोटी ९४ लाख, म्हणजे साधारण २० मेगापिक्सेल. यापेक्षा मोठे फोटो फार थोडी घरं छापतात.

आज मिळणारा जवळपास प्रत्येक बरा कॅमेरा २० ते २४ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे हा प्रश्न सुटलेलाच आहे, याच्यावर वेळ घालवू नका.

३. मग खोक्यावर नेमकं काय बघायचं?

सेन्सरचा आकार आणि लेन्सचा एफ आकडा. पैसे या दोन गोष्टींना द्यायचे.

सेन्सर म्हणजे प्रकाश झेलणारी आयताकृती चिप. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत, आणि खूप झूम असलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांतही, तो ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. खोक्यावर '१/२.३ इंच' असं लिहिलेलं असतं. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर आता याहून मोठा असतो, म्हणून स्वस्त कॅमेरा मोबाइलपुढे हरतो. त्यावरचा '१ इंच' सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात चौपट. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटर, म्हणजे तेरापट. फुल फ्रेम ३६ × २४ मिलिमीटर. जितकं क्षेत्र मोठं तितका प्रकाश जास्त, आणि संध्याकाळच्या फोटोत दाणे कमी.

एफ आकड्याचा नियम उलटा आहे. आकडा लहान म्हणजे लेन्सचं तोंड मोठं. एफ/१.८ ला एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. लेन्सवर 'एफ/१.८-२.८' असं लिहिलं असेल तर पहिला आकडा झूम न करता आणि दुसरा पूर्ण झूमवर, असं वाचायचं. दुसरा आकडा ६ च्या पुढे असेल, तर ती लेन्स पूर्ण झूमवर उन्हातच चालेल.

४. ३० एक्स झूम म्हणजे किती जवळ येतं? ६० एक्स असेल तर दुप्पट का?

एक्स हा फक्त भागाकार आहे. लेन्स २४ ते ७२० मिलिमीटर असेल (आकडा लहान तितकं चौकटीत जास्त मावतं, मोठा तितकं लांबचं जवळ येतं) तर ७२० भागिले २४, म्हणजे ३० एक्स. किती जवळ येणार हे शेवटचा आकडा सांगतो. आणि कुटुंबाच्या फोटोंत त्याहून महत्त्वाचा असतो पहिला आकडा, ज्याकडे कुणी बघत नाही.

वेरूळचं कैलास लेणं घ्या. खडक वरून खाली खोदत नेल्यामुळे देऊळ खोल चौकात उभं आहे, तिन्ही बाजूंना उंच कडे. मागे सरकायला मर्यादित जागा. तिथे २८-२९ पासून सुरू होणाऱ्या लेन्समध्ये माणसं मावली तर ध्वजस्तंभ कापला जातो. २४ पासून सुरू होणारी असेल तर दोन्ही नीट बसतं. हॉटेलची खोली, हाउसबोट, रेल्वेचा डबा, सगळीकडे हीच अडचण. म्हणून २४ पासून सुरुवात आणि १०० ते २००च्या दरम्यान शेवट, हे सहलीसाठी उत्तम माप.

डिजिटल झूम म्हणजे काढलेला फोटो कापून मोठा करणं. ते घरी येऊनही करता येतं, मेनूत जाऊन बंद करून टाका.

खूप झूमचे कॅमेरे काय करतात हेही सांगतो. निकॉनच्या पी १००० ची लेन्स ३००० मिलिमीटरपर्यंत जाते. चंद्रावरचे खड्डे त्यात सुरेख दिसतात. पण वजन १.४ किलो आणि सेन्सर तोच ६.२ मिलिमीटरचा. पक्षीवेड्या माणसासाठी ठीक. बायको, दोन मुलं आणि तीन बॅगा सांभाळणाऱ्यासाठी नाही.

५. कॉम्पॅक्ट, मिररलेस की डीएसएलआर? एकच नाव सांगा.

एक नाव सांगण्याआधी एकच विचारतो: कॅमेरा कोण उचलणार? 'सगळे मिळून' असं उत्तर असेल तर तो दुसऱ्या दिवसापासून हॉटेलवर राहतो. जी व्यक्ती उचलणार तिच्या हातात दुकानात दहा मिनिटं देऊन मग ठरवा.

खिशात किंवा पर्समध्ये मावायला हवा असेल तर १ इंच सेन्सरचा कॉम्पॅक्ट. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ (२४ ते १००, एफ/१.८-२.८) आणि सोनीचा आरएक्स १०० मार्क ७ (२४ ते २००) ही दोन सुस्थापित मॉडेल्स. दोन्ही साधारण ३०० ग्रॅमची. सोनीत झूम दुप्पट पण लेन्स कमी प्रकाशाची, कॅननचं उलट. घरात लहान मूल असेल तर मी कॅनन सुचवतो.

गळ्यात कॅमेरा अडकवायला तयार असाल तर एपीएस-सी मिररलेस (आत आरसा नसलेला): कॅननचा आर५०, निकॉनचा झेड५० किंवा झेड५० मार्क २, अशा वर्गातला. फोटोचा दर्जा वरच्यापेक्षा चांगला आणि लेन्स बदलता येते. एक गोष्ट तपासा: एपीएस-सी सेन्सर लहान असल्यामुळे आर५० सोबतची १८-४५ लेन्स फुल फ्रेमच्या मापात २९ पासून सुरू होते, निकॉनची १६-५० लेन्स २४ पासून. का महत्त्वाचं ते प्रश्न ४ मध्ये.

नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला जुना प्रकार) आता घेऊ नका. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवं डीएसएलआर मॉडेल आणलेलं नाही. कपाटात आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, तिच्यासाठी प्रश्न ७.

६. बजेट २५ हजार आहे. काय मिळेल?

नवं घ्यायचं तर बहुतेक लहान सेन्सरचंच. या रकमेत वापरलेला एपीएस-सी कॅमेरा घेणं शहाणपणाचं, पण तपासून.

मुंबईत फोर्टमधल्या बोराबाजारात कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत, तिथे हाताळून बघता येतं. कुठेही घ्या, एवढं करा: लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरपी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. लेन्स परत करा, कितीही सूट दिली तरी. मग कॅमेरा एफ/१६ वर ठेवून आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, पण खर्च भावातून वळता करून घ्या. शटर किती वेळा उघडलं ते विचारा. सुरुवातीच्या वर्गातल्या डीएसएलआरचं शटर साधारण १ लाख वेळा चालेल असं धरून बनवलेलं असतं. बॅटरीचं दार, कार्डाचं खोबण आणि मूळ चार्जर बघा. बिल मागा.

७. २०१४ सालचा डीएसएलआर पडून आहे. विकू की वापरू?

वापरा. विकून फारसं काही येणार नाही, आणि उजेड बरा असेल तर त्याचे फोटो आजही भरपूर चांगले आहेत. नवी बॅटरी घ्या आणि त्याच कंपनीची ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ किंवा एफ/२ लेन्स वापरलेली मिळाली तर घ्या. ५० ची लेन्स एपीएस-सी वर जरा लांबची होते, माणसांचे चेहरे सुंदर येतात पण खोलीत मागे जागा लागते. एकच घ्यायची तर ३५ ची.

८. मुलं एका जागी थांबत नाहीत, फोटो हललेले येतात. स्टॅबिलायझेशनवाला कॅमेरा घेतला तर थांबेल?

थांबणार नाही. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, मुलाचं पळणं नाही. दोन्हींतला फरक फोटोत ओळखता येतो: भिंत, झाड, सगळंच धूसर असेल तर हात हलला. भिंत स्वच्छ आणि मूल धूसर असेल तर शटर हळू होतं.

कॅमेऱ्याची चकती शटर प्राधान्यावर फिरवा (कॅननवर टीव्ही, इतर बहुतेकांवर एस). चालणाऱ्या मुलासाठी १/२५० सेकंद, पळणाऱ्या किंवा पाण्यात उड्या मारणाऱ्यासाठी १/५०० ते १/१०००. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार फोटोत चेहरा दिसतो, हललेल्यात नाही.

नवा कॅमेरा घेतच असाल तर डोळे ओळखून फोकस धरणारा घ्या. गेल्या काही वर्षांत झालेल्या सुधारणांपैकी पालकांच्या सर्वात कामाची हीच. खोलीतल्या कमी उजेडासाठी एफ आकड्याचा भाग प्रश्न ३ मध्ये आहे.

९. सगळ्या सहलीत आईच एकाही फोटोत नाही. काय करू?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. कधी बाबा नसतात, कधी मोठी ताई. यासाठी महागडं काही लागत नाही.

बारका टेबल ट्रायपॉड घ्या. गाडीचं बॉनेट, कठडा, दगड, कुठेही बसतो. कॅमेऱ्यात दहा सेकंदांचा टायमर असतो, त्यातच बहुतेक वेळा 'एकापाठोपाठ तीन किंवा जास्त फोटो' असा पर्याय असतो. तोच निवडा, कारण पहिल्यात कुणीतरी धावत येत असतं. आजकालच्या बहुतेक कॅमेऱ्यांना कंपनीचं ॲप जोडता येतं. ते हॉटेलवर आदल्या रात्री जोडून ठेवा, धबधब्यासमोर उभं राहून पहिल्यांदा जोडायला गेलात तर सगळे कंटाळतील.

दोन-तीन ओळींत माणसं असतील तर मिररलेसवर एफ/५.६ ते एफ/८ ठेवा, म्हणजे मागची ओळ धूसर होणार नाही. २४ मिलिमीटरवर अगदी कडेला उभा असलेला माणूस ताणल्यासारखा दिसतो. आजी-आजोबांना मध्ये बसवा, आणि जागा असेल तर मागे जाऊन ३५ ते ५० वर काढा. ऊन समोरून नको, सगळे डोळे बारीक करतात. सावलीत उभे करा.

आणि रोज एक तास कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या. दहा वर्षांच्या मुलाने काढलेले आईचे फोटो फार जिवंत असतात.

१०. आईबाबा सत्तरीचे आहेत, यात्रा कंपनीबरोबर जाणार आहेत. त्यांना झेपेल असा?

उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून डोळ्याला लावून बघायचा व्ह्यूफाइंडर असलेला घ्या. त्याच्या शेजारी एक बारीक चकती किंवा सरकपट्टी असते, डायॉप्टरची. ती फिरवली की चष्मा न लावताही आतलं स्वच्छ दिसतं. पण तिची मर्यादा असते, आणि मोठा सिलिंडर नंबर असेल तर चष्मा लागतोच. कित्येकांना ही चकती माहीत नसते आणि 'कॅमेरा धूसर आहे' अशी तक्रार असते.

वजन ४०० ग्रॅमच्या आत. चकती ऑटोवर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावून द्या. गळ्यात पट्टा हवाच.

११. कोकणात आणि पावसाळ्यात कॅमेरा कसा जपायचा? वॉटरप्रूफच घेऊ का?

मुलांबरोबर समुद्रात उतरायचं असेल, तारकर्लीला पाण्याखालचे फोटो हवे असतील तर वॉटरप्रूफ घ्या. ओएम सिस्टीमचा टीजी-७ पाण्यात तसाच वापरता येतो, १५ मीटर खोलीपर्यंत वेगळी पेटी लागत नाही. सेन्सर मात्र लहान आहे, तेव्हा संध्याकाळच्या फोटोंची अपेक्षा त्याच्याकडून नको. समुद्रातून आला की गोड्या पाण्यात काही वेळ ठेवा, मिठाचे कण झडपांच्या रबरात बसले तर पुढच्या वेळी पाणी आत जातं. दार उघडण्याआधी पुसून कोरडा करा.

'वेदर सील्ड' म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. माळशेजच्या तुषारांत चालेल, धबधब्याखाली नाही.

पण कोकणात आणि मुंबईत कॅमेरे पावसाने बिघडतात त्याहून जास्त बुरशीने बिघडतात, आणि तेही घरी. सहलीहून आल्यावर कॅमेरा दमट बॅगेत तसाच कपाटात जातो आणि थेट दिवाळीला निघतो. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत ठेवू नका. हवाबंद डब्यात, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. रंग बदलला की पुड्या गरम करून पुन्हा कोरड्या करता येतात. लेन्स चार-पाच असतील तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा.

एसी खोलीतून एकदम दमट हवेत काढलात तर काचेवर दव धरतं. पुसत बसू नका, वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या. काश्मीर-मनालीला हेच उलट होतं: बर्फातून गरम खोलीत येताना कॅमेरा बॅगेत बंद करून आणा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. आणि बर्फ करडा दिसत असेल तर एक्स्पोजर +१ करा.

१२. ताडोब्याला जातोय. वाघासाठी मोठी लेन्स घेऊ का?

ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे कॅमेरा नसेल तर त्या तीन-चार तासांचा एकही फोटो नसेल. या एका सहलीसाठी तरी कॅमेरा हवाच.

मिररलेस असेल तर सोबतची दुसरी स्वस्त लेन्स पुरते: निकॉनची ५०-२५० किंवा कॅननची ५५-२१०, फुल फ्रेमच्या मापात अनुक्रमे ३७५ आणि ३३६ पर्यंत. वाघ रस्त्यावर आला तर एवढी पुष्कळ, तळ्यापलीकडे असला तर लाखाची लेन्सही अपुरी. एकाच सहलीसाठी मोठी लेन्स विकत घेऊ नका, भाड्याने मिळते. कॅमेरा आणि लेन्ससाठी वेगळं शुल्क असतं का ते आरक्षण करतानाच बघा.

पहाटेचा उजेड कमी असतो, १/५०० आणि ऑटो आयएसओ (प्रश्न ८). फ्लॅश बंद. जिप्सीत लेन्स बदलू नका, लाल धूळ थेट सेन्सरवर जाते. गाडी थांबल्याशिवाय फोटो काढू नका. आणि कोअर क्षेत्र मंगळवारी बंद असतं.

१३. कार्ड केवढं घ्यायचं? बॅटऱ्या विमानात चालतात का?

२४ मेगापिक्सेलचा जेपेग फोटो साधारण १० एमबीचा धरला तर ६४ जीबीत सहा हजार फोटो मावतात. ४के व्हिडिओ मात्र सव्वा ते दीड तासात तेवढंच कार्ड भरतो. व्हिडिओसाठी कार्डावर व्ही३० लिहिलेलं बघा. १२८ च्या एका कार्डापेक्षा ६४ ची दोन घ्या, एक हरवलं तर अर्धी सहल तरी उरते.

जादा लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट, १०४० एमएएचची बॅटरी जेमतेम ७.५ वॅट-तासांची असते, काळजी नको. फक्त टोकं उघडी ठेवू नका.

१४. फोटो कुठे काढायचे नाहीत?

अजिंठ्यात फ्लॅश पूर्ण बंद, रंग जपण्यासाठी. श्वास रोखून, कोपर बरगडीला टेकवून, आयएसओ वाढवून काढा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. ताजमहालात मुख्य घुमटाच्या आत मनाई. तिरुमला मंदिरात कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही नेता येत नाहीत, पुष्कळ देवस्थानांत असे नियम आहेत. दाराशी फलक वाचा.

पुणे, श्रीनगर, लेह आणि गोव्याचं दाभोळी हे विमानतळ संरक्षण दलांचे आहेत. तिथे उतरताना कॅमेरा बॅगेत.

१५. भाचा जपानहून, बहीण अमेरिकेहून कॅमेरा आणते म्हणतात. स्वस्त पडेल का?

किमतीआधी तीन गोष्टी विचारा. भारतात वॉरंटी चालणार का? जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी भाषेत असतो आणि तो बदलता येत नाही. अमेरिकेतून आलेला कॅमेरा व्हिडिओसाठी एनटीएससीवर (तिकडच्या ६० हर्ट्झ विजेला जुळणारी पद्धत) असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली पट्ट्या सरकताना दिसतात. मेनूत जाऊन पाल (आपल्याकडची पद्धत) निवडा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

आणणाऱ्याने कस्टम्सची करमुक्त मर्यादा आधी बघावी. तुम्हीच इथून महागडा कॅमेरा घेऊन परदेशी जात असाल तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, परत येताना 'तिकडून घेतला' असा प्रश्न उरत नाही.

१६. मुलीला २००८ च्या सुमाराचा जुना डिजिकॅम हवाय, मैत्रिणींकडे आहेत. देऊ का?

द्या. त्या फोटोंचे रंग आणि थेट फ्लॅश तिच्या पिढीला आवडतात, आणि मोबाइल बाजूला ठेवून फोटो काढायला शिकणं चांगलंच. कार्ड मात्र तपासा: फार जुने कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच एसडी कार्ड घेतात, त्यानंतरचे ३२ जीबीपर्यंतचं. ऑलिंपस-फुजीचं एक्सडी किंवा सोनीचं मेमरी स्टिक लागत असेल तर कार्डासकट मिळाला तरच घ्या.

१७. व्हॉट्सॲपवर पाठवले की फोटो खराब होतात.

फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जाते. घरी आल्यावर एक प्रत हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, आणि दोन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका. पन्नास फोटो निवडून छापून घ्या. आजी-आजोबा अल्बम हातात घेऊन बघतात, लिंक उघडत नाहीत.

१८. कॅमेरा आणि तीन मोबाइलचे फोटो एकत्र केले तर क्रमच बिघडला. दुपारचं जेवण सकाळच्या आधी दिसतंय.

कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं आहे. बरेच दिवस बॅटरी काढून ठेवली की तारीखही मूळपदावर जाते. निघण्याआधी मोबाइलशी जुळवून घ्या. परदेशी जाताना मोबाइल आपोआप तिथली वेळ घेतो, कॅमेरा भारतीय वेळेवरच राहतो, त्यामुळे उतरल्यावर मेनूतला टाइम झोन बदला.

सहल होऊन गेली असेल तरी इलाज आहे, फक्त मधल्या काळात कॅमेऱ्याचं घड्याळ बदललेलं नको. आत्ता कॅमेऱ्याने मोबाइलवरच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एक फोटो काढा. फोटोत दिसणारी वेळ आणि फाइलमध्ये नोंदलेली वेळ यांतला फरक म्हणजे घड्याळाची चूक. परदेशातले फोटो असतील तर तिथल्या वेळेचा फरक त्यात धरा. फोटो सांभाळणाऱ्या बऱ्याच संगणकीय प्रोग्रॅममध्ये सगळे फोटो निवडून वेळ एकदम पुढेमागे करता येते. आधी एक प्रत बाजूला ठेवा, मगच करा.